खेळ ब्राऊझरमध्ये, किल्ली कोणाच्या हाती?

३१ डिसेंबर २०२० या दिवशी संगणकावरील खेळांचे एक युग संपले. ॲडोब कंपनीने त्या दिवशी फ्लॅश प्लेअरला दिले जाणारे साहाय्य थांबवले आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमध्ये तयार केलेला आशय चालवणेच या प्लेअरने बंद केले. त्याच ३१ डिसेंबरला झिंगा कंपनीने फेसबुकवरील आपला मूळ 'फार्मव्हिल' हा खेळही गुंडाळला. जून २००९ मध्ये सुरू झालेल्या या खेळाने जगभरातील कोट्यवधी लोकांना पडद्यावरच्या शेतीचे वेड लावले होते. अनेकांनी वर्षानुवर्षे नांगरलेली, पेरलेली आणि प्रसंगी खऱ्या पैशांनी सजवलेली ती शेते एका रात्रीत नाहीशी झाली. खेळणारा राबत होता, परंतु शेताचा सातबारा कधीच त्याच्या नावावर नव्हता.

या घटनेने दोन प्रश्न ठळकपणे पुढे आणले. ब्राऊझरमध्ये चालणारा खेळ नेमका कोणाच्या ताब्यात असतो? आणि आपण खेळत असताना तो खेळ आपल्याविषयी काय काय टिपून घेत असतो? पहिला प्रश्न सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्याचा आहे, तर दुसरा खासगीपणाचा. या दोन्ही कसोट्यांवर उतरणारे खेळ घडवता येतात, एवढेच नव्हे तर असे खेळ गेली अनेक वर्षे उपलब्ध आहेत. ते कसे तयार होतात, त्यांची पथ्ये कोणती आणि त्यांच्या मर्यादा काय, याचा हा आढावा.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाऊंडेशनची स्थापना केली. या चळवळीने मुक्त सॉफ्टवेअरची जी व्याख्या रूढ केली, ती चार स्वातंत्र्यांवर उभी आहे. आज्ञावली कोणत्याही कारणासाठी चालवण्याचे, तिचा अभ्यास करून ती बदलण्याचे, तिच्या प्रती इतरांना देण्याचे आणि आपण बदललेली आवृत्ती वाटण्याचे अशी ही चार स्वातंत्र्ये. यात किमतीचा उल्लेख कोठेही नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकण्यास मुभा आहे. उलटपक्षी, फुकट मिणारा प्रत्येक खेळ मुक्त असतोच असे नाही. 'फार्मव्हिल' खेळण्यास पैसे पडत नव्हते, पण वरीलपैकी एकही स्वातंत्र्य खेळाडूकडे नव्हते.

ब्राऊझरच्या बाबतीत हा प्रश्न थोडा वेगळ्या रूपात समोर येतो. संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसवताना आपण ते जाणीवपूर्वक बसवतो. संकेतस्थळ उघडल्यावर मात्र त्या पानासोबत जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावली आपोआप आपल्या संगणकावर उतरते आणि चालू लागते. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये ही भाषा तयार केली, तेव्हा तिचा उपयोग पानावरील किरकोळ हालचालींपुरता होता. पुढे संपूर्ण खेळ, नकाशे आणि कार्यालयीन सॉफ्टवेअर याच भाषेत येऊ लागले. स्टॉलमन यांनी २००९ मध्ये लिहिलेल्या एका लेखात या प्रकाराला 'जावास्क्रिप्टचा सापळा' असे नाव दिले. मुक्त सॉफ्टवेअरच वापरायचे असा निश्चय केलेली व्यक्तीही ब्राऊझरच्या वाटेने नकळत मालकी हक्काच्या आज्ञावली चालवत असते, असा त्यांचा मुद्दा होता.

'पानाचा कोड तर कोणालाही पाहता येतो, मग तो मुक्त नाही कसा?' असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. त्याची उत्तरे दोन. पहिले असे की, दिसणे आणि परवानगी असणे या भिन्न गोष्टी आहेत. परवान्याविना प्रसिद्ध झालेल्या कोडवर कॉपीराइट लागू असतो आणि तो बदलून वाटण्याचा हक्क वाचकास मिळत नाही. दुसरे उत्तर तांत्रिक आहे. बहुतेक संकेतस्थळे आपला कोड आकसून पाठवतात. त्यातील रिकाम्या जागा आणि टिपा गाळल्या जातात, अर्थपूर्ण नावांच्या जागी एकेक अक्षर येते. असा मजकूर यंत्राला पुरतो, माणसाला नाही. ग्नू जनरल पब्लिक लायसन्स, अर्थात जीपीएल, या परवान्यात सोर्स कोडची व्याख्या 'बदल करण्यासाठी ज्या रूपाला पसंती दिली जाते ते रूप' अशी केलेली आहे. आकसलेला कोड या व्याख्येत बसत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये डब्ल्यू ३ सी या मानक ठरवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळालेल्या 'वेबअसेम्ब्ली'बाबत तर हे अधिकच खरे आहे, कारण तेथे ब्राऊझरकडे थेट द्विमान रूपातील आज्ञावली येते. म्हणून मुक्त खेळाच्या कर्त्याने आकसलेली प्रत पाठवली तरी मूळ कोड कोठे मिळेल हे सांगणे आवश्यक ठरते.

फ्लॅशच्या अस्ताचा धडा

फ्लॅशचा जन्म 'फ्यूचरस्प्लॅश' या नावाने झाला. १९९६ मध्ये मॅक्रोमीडियाने ते विकत घेतले आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबकडे आली. या तंत्रावर हजारो लहानमोठे खेळ तयार झाले. मात्र ते चालवणारा प्लेअर एका कंपनीच्या मालकीचा होता. ग्नू प्रकल्पाने 'ग्नॅश' नावाचा मुक्त पर्याय उभारण्याचा प्रयत्न केला, परंतु मूळ प्लेअरची बरोबरी त्याला साधली नाही. एप्रिल २०१० मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनवर फ्लॅश का नको, याविषयीचे जाहीर पत्र लिहिले. जुलै २०१७ मध्ये खुद्द ॲडोबने फ्लॅश बंद करण्याची मुदत जाहीर केली.

दरम्यान खुल्या मानकांनी त्याची जागा घेतली होती. पडद्यावर चित्र रेखाटण्याची 'कॅनव्हास' ही सोय, मार्च २०११ मध्ये आलेले त्रिमितीय चित्रांचे 'वेबजीएल' आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये अंतिम मान्यता मिळालेले एचटीएमएल ५ यांमुळे ब्राऊझरला वेगळ्या प्लेअरची गरज उरली नाही. जुन्या खेळांपैकी काही स्वयंसेवकांनी वाचवले. 'रफल' हा रस्ट भाषेत लिहिलेला मुक्त फ्लॅश-अनुकरक त्यासाठी उपयोगी पडला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये इंटरनेट आर्काइव्हने त्याच्या आधारे जुने फ्लॅश खेळ व चलत्चित्रे पुन्हा पाहण्याची सोय केली. पण ज्या खेळांचा अर्धा भाग कंपनीच्या सर्व्हरवर होता, ते या मार्गाने परत येऊ शकत नाहीत. 'फार्मव्हिल'ची गत तीच.

याउलट उदाहरण 'ब्राऊझरक्वेस्ट'चे. मोझिला आणि 'लिटल वर्कशॉप' यांनी मार्च २०१२ मध्ये हा बहुखेळाडू साहसखेळ प्रसिद्ध केला. त्याचा कोड मोझिला पब्लिक लायसन्स २.० खाली आणि चित्रे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुली केली. सर्व्हरवर चालणारा भागही त्यात होता. मोझिलाने पुढे हा खेळ चालवणे थांबवले, तेव्हा तो संपला नाही. ज्यांना हवा होता त्यांनी कोड उतरवून घेतला, आपापल्या सर्व्हरवर चालवला आणि त्यातून नवे खेळही निर्माण केले. दोन्ही ठिकाणी मूळ कर्त्याने हात काढून घेतला होता. एकीकडे सारे पुसले गेले, दुसरीकडे खेळ इतरांच्या हाती राहिला. फरक होता तो परवान्याचा.

खेळता खेळता काय हरवते?

कोणतेही पान उघडताना आपला आयपी पत्ता सर्व्हरला कळतो, कारण त्याशिवाय उत्तर परत पाठवणेच शक्य नाही. ब्राऊझरचे नाव, भाषा आणि भेटीची वेळही नोंदली जाते. एवढी माहिती तांत्रिक गरजेची म्हणता येईल. खरी अडचण सुरू होते ती पानावर तिऱ्हाइतांचे कोड बसवल्यानंतर. जाहिरात, भेटींची मोजदाद, 'लाइक'चे बटण, फेसबुक वा गूगलच्या खात्यातून प्रवेश या प्रत्येक सोयीसोबत खेळाडूच्या भेटीची वर्दी तिसऱ्याच कंपनीकडे जाते. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी शोधलेली 'कुकी' मुळात एका संकेतस्थळाने ग्राहकाला ओळखावे एवढ्यासाठी होती. अनेक संकेतस्थळांवर एकाच जाहिरात कंपनीची कुकी बसू लागली, तेव्हा तिचे पाळतीच्या साधनात रूपांतर झाले.

कुकी पुसली तरी ओळख पुसतेच असे नाही. पडद्याचा आकार, बसवलेले टंक, वेळक्षेत्र, चित्र रेखाटण्याच्या पद्धतीतील सूक्ष्म फरक हे सारे एकत्र केले की ब्राऊझरचा जणू बोटांचा ठसा तयार होतो. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाऊंडेशनने २०१० मध्ये केलेल्या 'पॅनोप्टिक्लिक' या प्रयोगात तपासलेल्या ब्राऊझरांपैकी ८३.६ टक्के ब्राऊझर अशा ठशावरून एकमेवाद्वितीय ठरले होते. फ्लॅश किंवा जावा चालू असलेल्या ब्राऊझरांत हे प्रमाण ९४.२ टक्के होते. खेळांना पडदा, ध्वनी आणि ग्राफिक्स या सर्वांचा वापर करावाच लागतो. त्यामुळे असा ठसा घेण्याची संधी खेळांना विशेष असते.

खेळ आणि करमणुकीच्या आडून माहिती बाहेर गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. ऑक्टोबर २०१० मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने उघडकीस आणले की, 'फार्मव्हिल'सह फेसबुकवरील अनेक लोकप्रिय ॲप्स वापरकर्त्यांचे ओळख क्रमांक जाहिरात व माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांपर्यंत पोहोचवत होती. मार्च २०१८ मध्ये गाजलेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाच्या मुळाशीही एक साधी व्यक्तिमत्त्व चाचणी होती. फेसबुकने भारत सरकारला दिलेल्या माहितीनुसार, आपल्याकडे केवळ ३३५ जणांनी ते ॲप बसवले होते, परंतु मित्रांच्या साखळीमुळे ५ लाख ६२ हजारांहून अधिक भारतीयांची माहिती त्या मार्गाने गेली असण्याची शक्यता होती. एकाने केलेल्या करमणुकीची किंमत सुमारे सतराशे जणांनी मोजावी, असा हा हिशेब.

एका शब्दकोड्याची गोष्ट

'वर्डल' या इंग्रजी शब्दखेळाचा प्रवास या संदर्भात बोलका आहे. जोश वॉर्डल यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. १ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याचे ९० खेळाडू होते आणि २ जानेवारी २०२२ रोजी तीन लाखांहून अधिक. त्यात जाहिरात नव्हती, खाते उघडण्याची सक्ती नव्हती. शब्दांची संपूर्ण यादी पानाच्या कोडमध्येच होती आणि खेळाडूचे विक्रम त्याच्याच ब्राऊझरमध्ये साठवले जात. यामुळे अनेकांनी ते पान जतन करून इंटरनेटविना खेळणे चालू ठेवले. खासगीपणाच्या दृष्टीने याहून स्वच्छ रचना क्वचितच सापडेल.

परंतु खेळ मुक्त परवान्याखाली नव्हता. जानेवारी २०२२ च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो विकत घेतला आणि फेब्रुवारीत तो त्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर गेला. त्यानंतर पानावर जाहिरात कंपन्यांचे माग काढणारे कोड आल्याचे निरीक्षकांनी दाखवून दिले. मार्च २०२४ मध्ये वृत्तपत्राने 'वर्डल'सारख्या खेळांच्या कर्त्यांना कॉपीराइटच्या नोटिसाही पाठवल्या. खरेदीदाराने आपल्या कायदेशीर हक्कातच हे केले. पण त्यातून निष्कर्ष असा निघतो की, खासगीपणा हा जर केवळ कर्त्याच्या सौजन्यावर अवलंबून असेल, तर मालक बदलताच तो बदलू शकतो. खेळाडूंच्या हाती कोड आणि परवाना असता, तर जुने, माग न काढणारे रूप चालू ठेवण्याचा हक्क त्यांना राहिला असता. स्वातंत्र्य आणि खासगीपणा हे दोन मुद्दे येथे एकमेकांत गुंततात.

लिचेस: एक वस्तुपाठ

हे सारे मोठ्या प्रमाणावर साधता येते का, या शंकेचे उत्तर बुद्धिबळाच्या पटावर सापडते. फ्रान्सच्या थिबो द्युप्लेसी यांनी २०१० मध्ये सुरू केलेले 'लिचेस' हे संकेतस्थळ जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या बुद्धिबळ संकेतस्थळांपैकी एक आहे. त्यावर जाहिराती नाहीत, माग काढणारे कोड नाहीत आणि पैसे भरून मिळणारी वेगळी श्रेणीही नाही. देणगी देणाऱ्याला आणि न देणाऱ्याला सोयी सारख्याच. खाते न उघडताही डाव मांडता येतो. फ्रान्समधील ना-नफा संस्था हे संकेतस्थळ चालवते आणि आपला खर्च जाहीर करते. सर्व्हरवर चालणारा कोड एजीपीएल परवान्याखाली खुला असून त्याचे नाव 'लीला' आहे. ते इंग्रजी अक्षरांच्या जोडणीतून आले असले, तरी मराठी वाचकाला त्याचा वेगळा अर्थ जाणवावा, हा सुखद योगायोग. तेथे खेळलेल्या मानांकित डावांचा संग्रहही कोणालाही वापरता यावा म्हणून सार्वजनिक हक्कात दिलेला आहे.

डावाचे विश्लेषण करणारे 'स्टॉकफिश' हे इंजिन वेबअसेम्ब्लीच्या रूपात खेळाडूच्या ब्राऊझरमध्येच चालवण्याची सोय येथे आहे. मुक्त परवाना न्यायालयात कितपत टिकतो, याचाही प्रत्यय स्टॉकफिशने दिला. आपल्या कोडवर आधारित इंजिने जीपीएलच्या अटी न पाळता विकली गेली, असा आक्षेप घेऊन स्टॉकफिशच्या कर्त्यांनी जुलै २०२१ मध्ये जर्मनीतील 'चेसबेस' कंपनीवर दावा दाखल केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये उभयतांत तडजोड झाली आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या अटींच्या पालनासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे कंपनीने मान्य केले.

परवाना कोणता निवडावा?

मुक्त परवान्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एमआयटीसारखा उदार परवाना मूळ कर्त्याचे नाव राखण्यापलीकडे फारशी अट घालत नाही. गॅब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने मार्च २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला '२०४८' हा अंकांचा खेळ याच परवान्याखाली आला. परिणामी त्याच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. त्यांत अभ्यासासाठी केलेल्या होत्या, तशा जाहिराती लादलेल्याही होत्या. दुसरा वर्ग जीपीएलचा. येथे बदललेली आवृत्ती वाटणाऱ्यानेही तीच स्वातंत्र्ये पुढे दिली पाहिजेत.

ब्राऊझरमधील बहुखेळाडू खेळांसाठी नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या एजीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीला विशेष महत्त्व आहे. सर्व्हरवरील कोड खेळाडूला 'वाटला' जात नाही. त्यामुळे साध्या जीपीएलच्या अटी त्याला लागू होत नाहीत. एजीपीएलने ही फट बुजवली. बदललेली आवृत्ती जाळ्यावरून वापरू देणाऱ्याने तिचा सोर्स कोडही वापरकर्त्यांना उपलब्ध करून द्यावा, अशी अट त्यात आहे. 'लिचेस'प्रमाणेच 'फ्रीसिव्ह-वेब' आणि 'एन्शंट बीस्ट' हे डावपेचांचे खेळ हा परवाना वापरतात.

चित्रे, संगीत आणि कथा यांना स्वतंत्र परवाना लागतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचे बीवाय, बीवाय-एसए आणि सीसी-झिरो हे परवाने मुक्त मानले जातात. व्यापारी वापराला मनाई करणारा एनसी परवाना मात्र मुक्त ठरत नाही, हे अनेक नवोदितांच्या लक्षात येत नाही. २०१२ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाऊंडेशन, क्रिएटिव्ह कॉमन्स आणि ओपनगेमआर्ट यांनी मिळून घेतलेल्या 'लिबरेटेड पिक्सेल कप' स्पर्धेतून एकाच शैलीतील पात्रे व भूभाग यांची चित्रे तयार झाली आणि ती नवे कर्ते वापरत आले आहेत. देवनागरी टंकांची उणीवही आता नाही. मुंबईच्या 'एक टाइप' गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' तसेच आयआयटी मुंबईचा 'शोभिका' हे टंक ओपन फाँट लायसन्सखाली मिळतात.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. खेळाच्या नियमांवर कॉपीराइट नसतो, पण त्याच्या दृश्यरूपावर असतो. 'टेट्रिस'ची हुबेहूब नक्कल केल्याच्या दाव्यात अमेरिकेतील न्यायालयाने २०१२ मध्ये नक्कल करणाऱ्याच्या विरोधात निकाल दिला होता. खेळाचे नावही व्यापारचिन्ह असू शकते. म्हणून कल्पना घ्यावी, पण चित्रे, मांडणी आणि नाव आपले ठेवावे.

प्रत्यक्ष बांधणीची पथ्ये

साधनांची वानवा नाही. द्विमितीय खेळांसाठी 'फेजर', त्रिमितीय दृश्यांसाठी 'थ्री जेएस', संपूर्ण खेळ बांधण्यासाठी 'गोडो' ही सारी एमआयटी परवान्याखालील साधने आहेत. अर्जेंटिनात घडलेले 'गोडो' २०१४ मध्ये खुले झाले आणि त्यातील खेळ वेबअसेम्ब्लीच्या रूपात ब्राऊझरसाठी काढता येतो. प्रोग्रामिंग न येणाऱ्यांना 'ट्वाइन' हे जीपीएल परवान्याचे साधन शाखांनी वाढणाऱ्या कथा लिहू देते आणि तयार खेळ एकाच एचटीएमएल फाइलमध्ये देते. साधन कोणाचे, या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये 'युनिटी' या मालकीच्या इंजिनाने खेळ बसवला जाण्याच्या संख्येवर शुल्क आकारण्याचे जाहीर केले, तेव्हा जगभरातील कर्ते हवालदिल झाले. एका वर्षाने कंपनीने तो निर्णय मागे घेतला. मुक्त इंजिनाच्या बाबतीत अशा रीतीने नियम बदलणे कोणालाच शक्य नसते.

खासगीपणाचा पहिला नियम सोपा आहे. जी माहिती गोळाच केली नाही, ती चोरीला जात नाही, विकली जात नाही आणि न्यायालयात मागितलीही जात नाही. एकट्याने खेळायच्या खेळाला खाते लागत नाही. खेळाची प्रगती ब्राऊझरच्या 'लोकल स्टोरेज' या कप्प्यात ठेवता येते. त्याची क्षमता साधारणपणे ५ मेगाबाइट असते आणि बहुतेक लहान खेळांना ती पुरून उरते. यातील धोका असा की, ब्राऊझरची साठवण पुसली की प्रगतीही पुसली जाते. म्हणून ती मजकुराच्या रूपात बाहेर काढण्याची व परत भरण्याची सोय द्यावी. मायकेल टाउनसेंड यांच्या २०१३ मधील 'अ डार्क रूम' या खेळात अशी सोय आहे. तोही मोझिला परवान्याखालील मुक्त खेळ आहे.

दुसरा नियम म्हणजे लागणारी प्रत्येक वस्तू आपल्याच सर्व्हरवर ठेवणे. टंक, ग्रंथालये, ध्वनी हे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून मागवले की खेळाडूचा आयपी पत्ता तेथे पोहोचतो. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने नेमक्या याच कारणावरून एका संकेतस्थळाच्या चालकाला दोषी धरले. गूगलच्या सर्व्हरवरून टंक मागवल्याने आयपी पत्ता तिकडे गेला, म्हणून तक्रारदाराला १०० युरोची भरपाई देण्याचा आदेश झाला. टंक स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणे शक्य होते, हा मुद्दा तेथे निर्णायक ठरला. परक्या स्थळावरून काहीही मागवू नये, असा हुकूम सर्व्हरकडूनच ब्राऊझरला देता येतो. 'कन्टेन्ट सिक्युरिटी पॉलिसी' या नावाच्या या सोयीमुळे चुकून राहिलेला परका कोडही अडवला जातो.

तिसरी बाब सर्व्हरच्या नोंदवह्यांची. त्या काही दिवसांनी पुसाव्यात किंवा आयपी पत्त्याचा शेवटचा भाग आधीच गाळावा. बहुखेळाडू खेळात काहीजण सर्व्हर टाळण्यासाठी 'वेबआरटीसी'ने खेळाडूंची संगणके थेट जोडतात. त्यात सर्व्हरला कमी कळते हे खरे, परंतु प्रतिस्पर्ध्याला आयपी पत्ता कळू शकतो. अनोळखी लोकांच्या खेळात मध्ये सर्व्हर असणेच अधिक सुरक्षित ठरते. गुणतक्त्यासाठी खऱ्या नावाऐवजी टोपणनाव पुरे.

कोड खुला असेल तर फसवणूक होणार नाही का, ही शंका रास्त आहे. मात्र ब्राऊझरमधील कोड खेळाडूच्या संगणकावरच चालतो. तो बंद ठेवला तरी बदलता येतोच. त्यामुळे चाल वैध आहे की नाही, गुण किती झाले, याचा निवाडा नेहमी सर्व्हरने करावा. लपवाछपवीवर उभी असलेली सुरक्षा फार काळ टिकत नाही.

शेवटचे पथ्य परवान्याच्या नोंदीचे. ग्नू प्रकल्पाचे 'लिब्रेजेएस' हे ब्राऊझरचे जोडसाधन पानावरील जावास्क्रिप्टचा परवाना तपासते आणि परवाना न सांगणारा कोड रोखते. फाइलच्या आरंभी व अखेरीस ठरावीक नमुन्याची परवाना-टीप घातली की ते साधन ती ओळखते.

कायदा काय सांगतो?

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी लागते. त्यांच्यावर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांस मनाई आहे. या कर्तव्याच्या भंगासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतांश जबाबदाऱ्यांच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर लागू आहे, तर अमेरिकेत १३ वर्षांखालील मुलांसाठीचा 'कोपा' कायदा २००० पासून. डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट'ची निर्माती एपिक गेम्स हिने मुलांच्या माहितीविषयीच्या आरोपांवरून २७.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. खेळ ब्राऊझरमध्ये असला की तो कोणत्या देशातील मूल उघडेल हे सांगता येत नाही. माहितीच न घेणारा कर्ता यांतील बऱ्याच कटकटींपासून आपोआप मुक्त राहतो.

पोटापाण्याचे काय?

जाहिराती नाहीत, माहितीची विक्री नाही, मग कर्त्याने जगावे कसे? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. 'लिचेस' देणग्यांवर चालते. 'अ डार्क रूम' ब्राऊझरमध्ये विनामूल्य व मुक्त असतानाही अमीर राजन यांनी केलेली त्याची आयफोन आवृत्ती पैसे देऊन घेतली गेली आणि २०१४ मध्ये ती अमेरिकेतील सशुल्क ॲप्सच्या यादीत अव्वल स्थानी पोहोचली. कोड मुक्त ठेवून नवी चित्रे वा कथाभाग विकणे, शाळा वा संस्थांसाठी मोबदल्यावर खेळ घडवणे, असेही मार्ग आहेत. मात्र जाहिरातींच्या तुलनेत हे उत्पन्न बेभरवशाचे असते आणि बहुतेक मुक्त खेळ नोकरी सांभाळून फावल्या वेळात लिहिलेले असतात, हे मान्य करावे लागेल. चित्रकार व संगीतकारांची वानवा हीही या क्षेत्राची जुनी अडचण आहे.

असे असले तरी एक गोष्ट मुक्त खेळांच्या बाजूने राहते. असा खेळ कर्त्याला कंटाळा आला, कंपनी विकली गेली किंवा सर्व्हरचे भाडे थकले म्हणून नष्ट होत नाही. ज्याला त्याची माया आहे, तो कोड घेऊन पुढे चालवू शकतो, त्याचे मराठीत भाषांतर करू शकतो, त्यातील चूक सुधारू शकतो. फ्लॅशसोबत हरवलेल्या खेळांच्या वाट्याला हे आले नाही.

खेळ उघडण्यापूर्वी एवढे पाहा

- संगणकावरील ब्राऊझरमध्ये एफ १२ ही कळ दाबून 'नेटवर्क' हा विभाग उघडावा आणि पान पुन्हा चालवावे. खेळाच्या संकेतस्थळाखेरीज इतर नावे दिसली, तर तेथेही आपल्या भेटीची वर्दी जात आहे.
- खाते न उघडता खेळता येते का, ते पाहावे. मुलांच्या खेळात जन्मतारीख, छायाचित्र वा संपर्क यादी मागितली जात असेल, तर ती का हवी, याचा विचार करावा.
- पानाच्या तळाशी परवाना आणि सोर्स कोडचा दुवा आहे का, ते तपासावे.
- इंटरनेट बंद केल्यावरही एकट्याचा खेळ चालत राहिला, तर तो बराचसा आपल्याच संगणकावर आहे असे समजावे.
- प्रगती बाहेर काढून ठेवण्याची सोय असल्यास ती अधूनमधून वापरावी.